जॅनिस जॉप्लिनचा आवाज : एका दीर्घ वादाचा आढावा

ज्या गायिकेच्या हयातीत तिच्या आवाजातील अवघ्या तीन ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाल्या, आणि जिची चौथी ध्वनिमुद्रिका तिच्या मृत्यूनंतर तीन महिन्यांनी बाजारात आली, तिच्या गाण्याच्या योग्यतेविषयी अर्धे शतक उलटून गेल्यावरही जाणकारांत एकवाक्यता होऊ नये, ही गोष्ट प्रथमदर्शनी नवलाची वाटते. जॅनिस जॉप्लिनला रॉक संगीतातील सर्वश्रेष्ठ गायिका मानणारे आहेत. तिचे गाणे म्हणजे कंठ फाटेपर्यंत केलेला आक्रोश, त्यात संगीताचा अंश थोडाच, असे म्हणणारेही आहेत. तो आवाज तिचा नव्हेच, तो कृष्णवर्णीय गायिकांच्या पदरातून उचललेला ऐवज आहे, अशी तिसऱ्या पक्षाची फिर्याद आहे. आणि ती सत्ताविसाव्या वर्षी मेली नसती तर आज तिचे नाव कोणी घेतले असते का, असा चौथ्या पक्षाचा सवाल आहे. या सर्व पक्षांची कैफियत येथे मांडावयाची आहे. माझे मत आरंभीच सांगून टाकतो. हा वाद वाजवीपेक्षा अधिक लांबला, त्याचे कारण असे की तिचे कैवारी आणि तिचे टीकाकार या दोघांनीही एकच गोष्ट बिनतक्रार गृहीत धरली : जॉप्लिनचे गाणे म्हणजे एका दुखावलेल्या जीवाचा अनावर उद्रेक. कैवाऱ्यांनी त्या उद्रेकाला प्रामाणिकपणा म्हटले, टीकाकारांनी त्याला बेशिस्त म्हटले. परंतु ध्वनिमुद्रणांची साक्ष काढली तर जी व्यक्ती समोर येते ती उद्रेकाच्या स्वाधीन झालेली नसून आपल्या आवाजाची सतत घडण करीत असलेली एक कष्टाळू गायिका आहे.

तिचा जन्म १९ जानेवारी १९४३ रोजी टेक्सस राज्यातील पोर्ट आर्थर येथे झाला. मेक्सिकोच्या आखाताजवळचे, खनिज तेलाच्या शुद्धीकरण-कारखान्यांवर जगणारे हे गाव. वडील टेक्साको कंपनीत अभियंता, आई शिस्तीची आणि धर्मशील. वर्णभेद पाळणाऱ्या त्या वस्तीत ही गोरी मुलगी बेसी स्मिथ, लेडबेली आणि ओडेटा या कृष्णवर्णीय गायकांच्या तबकड्या ऐकत वाढली. १९६२ साली ऑस्टिनच्या विद्यापीठात असताना ती केनेथ थ्रेडगिल यांच्या मद्यगृहात, जे मूळचे एक पेट्रोल पंप होते, लोकगीते आणि ब्लूज गात असे. पुढच्या जानेवारीत चेट हेल्म्स या मित्रासोबत वाटेवरच्या गाड्यांना हात करीत ती सॅन फ्रान्सिस्कोला गेली, तेथे मादक द्रव्यांच्या आहारी जाऊन खंगली, १९६५ मध्ये घरी परतली, आणि जून १९६६ मध्ये पुन्हा त्याच शहरात जाऊन 'बिग ब्रदर अँड द होल्डिंग कंपनी' या वाद्यवृंदात सामील झाली. ४ ऑक्टोबर १९७० रोजी हॉलिवुडच्या एका निवासगृहात हेरॉइनच्या अतिमात्रेने तिचा अंत झाला. म्हणजे ज्या कारकिर्दीवर हा सारा वाद उभा आहे ती सव्वाचार वर्षांची.

आता आवाजाकडे वळू. ज्यांनी जॉप्लिनला केवळ तिच्या गाजलेल्या गाण्यांतून ऐकले आहे त्यांनी १९६४ सालचे एक घरगुती मुद्रण अवश्य ऐकावे. गिटारवादक जोर्मा कौकोनेन याच्या साथीने तिने गायिलेली काही ब्लूज गीते त्यात आहेत, आणि मागे कोणी टंकलेखन करीत असल्याने त्या यंत्राची टकटक सबंध मुद्रणभर ऐकू येते. या एकवीस वर्षांच्या मुलीचा आवाज मोकळा आहे, भरदार आहे, पुढे जिच्यासाठी ती प्रसिद्ध झाली ती कर्कशता त्यात अगदी क्वचित डोकावते. बेसी स्मिथचे शब्दोच्चार, स्वराच्या किंचित खालून येऊन त्यावर स्थिरावण्याची तिची रीत, ओळीच्या अखेरीस आवाज हळूच खाली सोडण्याची लकब, हे सर्व तिने कानाने टिपून घोटलेले आहे. हा अभ्यास आहे, आणि अभ्यासाच्या खुणा लपविण्याइतकी ती अजून तयार झालेली नाही. याचा अर्थ असा की १९६७ साली जगाने जो आवाज ऐकला तो तिचा 'नैसर्गिक' आवाज नव्हता. तो तिने मधल्या काळात सिद्ध केलेला आवाज होता.

तो तसा का सिद्ध करावा लागला, याचे एक कारण अगदी व्यावहारिक आहे. एका गिटारच्या साथीने मद्यगृहात गाणे निराळे आणि दोन विद्युत गिटारांपुढे, ढोलताशाला लाजविणाऱ्या गजरात, नृत्यगृहात गाणे निराळे. शिवाय गायकाला स्वतःचा आवाज ऐकू यावा अशी सोय त्या काळच्या रंगमंचांवर तुटपुंजी होती. बेसी स्मिथचा घोटलेला ढंग तेथे बुडून गेला असता. दुसरे कारण कलात्मक आहे. डिसेंबर १९६६ मध्ये ओटिस रेडिंग सॅन फ्रान्सिस्कोच्या फिलमोर सभागृहात गायला आला, तेव्हा जॉप्लिन रोज जाऊन अगदी पुढे उभी राहून ऐकत असे. एखादा लहानसा शब्द तोडून, पुनःपुन्हा उच्चारून, त्यावर लयीचे आघात देत देत प्रक्षोभ चढवीत नेण्याचे रेडिंगचे तंत्र तिने तेथून घेतले, हे पुढच्या मुद्रणांवरून स्पष्ट दिसते. बेसी स्मिथचा विस्तार आणि रेडिंगचा आघात, या दोन परस्परविरोधी गोष्टी एका गळ्यात बसविण्याचा तिचा प्रयत्न हेच तिच्या शैलीचे मर्म आहे, आणि तिच्या दोषांचे मूळही तेथेच आहे.

आवाज 'फाटणे' म्हणजे काय, याविषयीही थोडे सांगितले पाहिजे. कारण टीकाकारांचा मुख्य आक्षेप यावरच आहे. मनुष्याच्या स्वरयंत्रात ज्या स्वरतंतूंमुळे नाद निर्माण होतो त्यांच्या किंचित वर आणखी दोन मांसल घड्या असतात. सामान्य बोलण्यात अथवा गाण्यात त्या स्वस्थ असतात, परंतु विशिष्ट प्रकारे गळा आवळून श्वासाचा रेटा दिल्यास त्याही थरथरू लागतात आणि मूळ स्वराला एक खरखरीत अस्तर लागते. नवशिक्या गायकाच्या बाबतीत ही खरखर स्वराला गिळून टाकते. जॉप्लिनच्या बाबतीत मात्र खरखरीच्या आत मूळ स्वर शाबूत राहतो, आणि काही जागी तर एकाच वेळी दोन निरनिराळे स्वर कानी पडल्याचा भास होतो. १९६८ च्या 'चीप थ्रिल्स' या ध्वनिमुद्रिकेतील 'समरटाइम' हे जॉर्ज गर्श्विनच्या संगीतिकेतील अंगाईगीत या दृष्टीने अभ्यसनीय आहे. बिग ब्रदरमधील सॅम अँड्र्यू याने बाखच्या धर्तीवर रचलेल्या गिटारच्या प्रास्ताविकानंतर ती ज्या सुरात प्रवेश करते तो सूर मंद आहे, कातर आहे, आणि खरखरीने पुरता वेढलेला आहे. परंतु तो ढळत नाही. मोठ्याने ओरडताना आवाज फाटणे कोणालाही जमते. हळू गाताना तो हवा तितकाच फाडणे, आणि पुढच्या ओळीत पुन्हा स्वच्छ करणे, हे मेहनतीवाचून जमत नाही. या एका मुद्रणाने बेशिस्तीचा आरोप माझ्या मते निकालात निघतो.

तरीही तो आरोप करणाऱ्यांना केवळ अरसिक म्हणून चालणार नाही. १९६८-६९ च्या अनेक जाहीर कार्यक्रमांत ती पहिल्याच ओळीपासून आवाजाची पराकाष्ठा करी, त्यामुळे चढविण्यास पुढे काही उरत नसे, आणि दीड तासाच्या गाण्यात श्रोत्याला एकाच पातळीवरचा क्षोभ सहन करावा लागे. हा दोष खरा आहे. आपल्याकडे वामनराव देशपांडे यांनी 'घरंदाज गायकी' या ग्रंथात गायनशैलीचा उगम गायकाच्या आवाजाच्या जातीत आणि लगावात शोधला. त्या दृष्टीने पाहिले तर जॉप्लिनच्या आवाजाचा लगाव असा होता की त्याला विलंबाचे आणि संयमाचे पथ्य अत्यावश्यक होते, आणि ज्या नृत्यगृहांनी तिला मोठे केले त्यांची मागणी नेमकी याच्या उलट होती. शुद्ध, गोल, निर्मळ स्वराची सवय असलेल्या मराठी कानाला तिचे गाणे पहिल्यांदा खुपते, यात त्या कानाचा अपराध नाही. परंतु स्वर निर्मळ नसला म्हणजे तो खोटा ठरत नाही, एवढे आपल्या तमाशाच्या फडात वाढलेल्या आवाजांनीही आपल्याला शिकविले आहेच.

तिच्या घडणीचा सर्वांत भक्कम पुरावा 'बॉल अँड चेन' या गाण्याच्या निरनिराळ्या मुद्रणांत आहे. जून १९६७ मध्ये कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे येथे भरलेल्या संगीत महोत्सवात हे गाणे गाऊन ती एका दिवसात देशभर प्रसिद्ध झाली. शनिवारी दुपारी तिचे गाणे झाले तेव्हा वाद्यवृंदाच्या व्यवस्थापकाच्या नकारामुळे त्याचे चित्रीकरण झाले नव्हते. म्हणून रविवारी तिला पुन्हा रंगमंचावर आणण्यात आले, आणि डी. ए. पेनेबेकर यांच्या चित्रपटात आज आपण जे पाहतो ते हे दुसऱ्या दिवशीचे गाणे. प्रेक्षकांत बसलेल्या कॅस एलियट या गायिकेच्या चेहऱ्यावरचे थक्क भाव त्या चित्रपटाने अमर केले आहेत. जो आविष्कार पिढ्यान्‌पिढ्या उत्स्फूर्ततेचा आदर्श म्हणून सांगितला गेला तो वस्तुतः दुसऱ्यांदा, कॅमेऱ्यासाठी, जाणूनबुजून केलेला होता, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. याच गाण्याचे पुढच्या वर्षीचे 'चीप थ्रिल्स'मधील मुद्रण आणि ४ जुलै १९७० चे कॅनडातील कॅल्गरी येथील मुद्रण शेजारी ठेवून ऐकावे. तिन्हींत आरंभीचा दबलेला स्वर, मग एकाएकी वर झेपावणे, आणि अखेरीस सारी वाद्ये थांबून एकटा आवाज उरणे, हा आराखडा कायम आहे. बदलले आहे ते आतले काम. कॅल्गरीत ती मध्ये लांबलचक स्वगत बोलते, विराम अधिक दीर्घ घेते, आणि पूर्वी जेथे ती किंचाळली असती अशा काही जागा मुद्दाम रिकाम्या सोडते. ज्याला केवळ उद्रेक म्हणतात त्याला असा आराखडा नसतो आणि त्यात अशी सुधारणाही होत नाही.

'चीप थ्रिल्स'चीही हकीकत अशीच बोधप्रद आहे. रॉबर्ट क्रम्ब याच्या व्यंगचित्रांनी सजलेली ही ध्वनिमुद्रिका ऑगस्ट १९६८ मध्ये निघाली आणि अमेरिकेतील खपाच्या यादीत आठ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिली. ऐकणाऱ्याची समजूत होते की हा सबंध कार्यक्रम भरल्या सभागृहात झाला. प्रत्यक्षात बहुतेक गाणी मुद्रणगृहात पुनःपुन्हा गाऊन घेतलेली आणि त्यांवर मागाहून गर्दीचा कोलाहल चढविलेला, आणि खरोखर मैफलीत मुद्रित झालेले गाणे एकटे 'बॉल अँड चेन'. तिच्या गाण्यातील बेभानपणा हा विकावयाच्या मालाचा गुण आहे हे व्यापाऱ्यांनी तेव्हाच ओळखले होते, आणि त्यांनी त्याची जी जाहिरात केली ती समीक्षकांनी पुढे सिद्धांत म्हणून स्वीकारली.

वादाचा दुसरा मोठा विषय तिच्या साथीदारांचा. बिग ब्रदरचे वादक कच्चे आहेत, त्यांच्या गिटारी सुरात नसतात, अशा गायिकेला हे साथीदार शोभत नाहीत, असे १९६८ साली वृत्तपत्रांतून सर्रास लिहिले जात होते. व्यवस्थापक अल्बर्ट ग्रॉसमन यांचेही मत फारसे निराळे नव्हते. वर्षअखेर तिने त्या वाद्यवृंदाचा निरोप घेतला, फुंकवाद्यांसह नवा संच जमविला, आणि तीन आठवड्यांच्या आत, २१ डिसेंबर १९६८ रोजी, मेम्फिस येथे स्टॅक्स कंपनीच्या नाताळ-कार्यक्रमात तो संच उभा केला. सोल संगीताच्या माहेरघरी, ते संगीत ज्यांच्या अंगवळणी पडले होते अशा कृष्णवर्णीय श्रोत्यांपुढे, हा अपुऱ्या तयारीचा प्रयोग पडला. मार्च १९६९ मध्ये 'रोलिंग स्टोन' पाक्षिकाने तिला मुखपृष्ठावर छापून, ही रॉक संगीतातील ज्युडी गार्लंड तर नव्हे, असा प्रश्न टाकला. आणि सॅन फ्रान्सिस्कोतील ज्येष्ठ समीक्षक राल्फ ग्लीसन यांनी तर तिने नवा संच मोडून बिग ब्रदरकडेच परत जावे, तेही त्यांनी तिला घेतले तर, असा सल्ला दिला. ज्यांना कच्चे म्हणून हिणविले त्यांच्याकडेच परत जा म्हणून सांगावयाचे, यात समीक्षकवर्गाची सुसंगती फारशी दिसत नाही. त्याच वसंतात युरोपात, विशेषतः लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये, तिचे मनःपूर्वक स्वागत झाले. मायदेशातील मत मात्र पालटले नाही. सप्टेंबर १९६९ च्या 'कॉझ्मिक ब्लूज' ध्वनिमुद्रिकेवरही त्याची सावली पडली. ही ध्वनिमुद्रिका उपेक्षित राहिली, हा मला अन्याय वाटतो. त्यातील 'लिट्ल गर्ल ब्लू' हे रॉजर्स आणि हार्ट यांचे जुने नाट्यगीत तिने ज्या मार्दवाने गायिले आहे ते ऐकल्यावर, हिला ओरडण्यापलीकडे काही येत नाही, असे म्हणणाऱ्याने आपला निवाडा निदान तहकूब तरी ठेवावा.

तिचे सर्वोत्तम गाणे मात्र अखेरच्या 'पर्ल' या ध्वनिमुद्रिकेत आहे, याविषयी माझ्या मनात संदेह नाही. बहुतांशी कॅनडातील वादकांचा 'फुल टिल्ट बूगी' हा संच तिच्या आवाजाला जागा करून देणारा होता, आणि निर्माते पॉल रॉथचाइल्ड यांचा कटाक्ष असा की हा आवाज तिला अनेक वर्षे पुरला पाहिजे, म्हणून तो जपून खर्च व्हावा. 'अ वूमन लेफ्ट लोन्ली'मध्ये ती निम्म्याहून अधिक गाणे बोलल्यासारखे गाते. 'मी अँड बॉबी मगी'चा आरंभ तर इतका साधा आहे की कोणी शेजारी बसून हकीकत सांगत असल्यासारखे वाटते. कडव्याकडव्याने आवाजाला ताण येत जातो आणि शेवटी शब्द संपून केवळ अक्षरे उरतात. क्रिस क्रिस्टोफरसन याच्या या गाण्याने मार्च १९७१ मध्ये पहिला क्रमांक गाठला. अमेरिकेत मृत्यूनंतर असा मान मिळविणारे त्यापूर्वीचे एकमेव गाणे ओटिस रेडिंगचे होते. 'मर्सिडीज बेन्झ' तिने १ ऑक्टोबर १९७० रोजी कोणत्याही वाद्याविना गायिले. 'बरीड अलाइव्ह इन द ब्लूज' या गाण्याची वाद्ये मुद्रित झाली होती, गायन व्हावयाचे होते. ते झालेच नाही, आणि ध्वनिमुद्रिकेत ते गाणे आवाजाविना तसेच ठेवण्यात आले. बिग ब्रदरचे निष्ठावंत म्हणतात की 'पर्ल' फार गुळगुळीत आहे, त्यात धोका पत्करलेला नाही. मला वाटते, संयम हाही या गायिकेच्या बाबतीत धोकाच होता. कारण श्रोते तिच्याकडे आक्रोशासाठी येत होते, आणि तो न देता त्यांना खिळवून ठेवण्याचे धाडस ती प्रथमच करीत होती.

तिच्या वारशाचा विचार स्त्रीप्रश्नाच्या अंगाने करणाऱ्यांतही दोन तट आहेत. ऑस्टिनच्या विद्यापीठात विद्यार्थ्यांच्या एका स्पर्धेत 'सर्वांत कुरूप पुरुष' म्हणून तिचे नाव सुचविण्यात आले होते, हा दाखला प्रत्येक चरित्रात येतो, आणि त्यावरून तिचे सारे गाणे अपमानाचे उत्तर म्हणून समजावून दिले जाते. एलेन विलिस यांनी १९७६ साली लिहिलेल्या निबंधात तिला याहून मोठे स्थान दिले : आपल्या पिढीच्या इतिहासाला आणि दंतकथांना स्वतःच्या रूपाने आकार देणाऱ्यांत बॉब डिलनच्या खालोखाल तिचा क्रम, असा त्यांचा अभिप्राय आहे. विलिस या स्वतः स्त्रीमुक्तीच्या खंद्या पुरस्कर्त्या. तरीही, अथवा म्हणूनच, त्यांना हेही दिसले की पुरुषांनी मांडलेल्या त्या मोकळेपणाच्या खेळात स्त्रीला द्यावी लागणारी किंमत निराळी होती. ॲलिस एकोल्स यांच्या १९९९ च्या चरित्राने हा विचार काळाच्या पार्श्वभूमीवर सविस्तर मांडला. याउलट काहींच्या मते तिने स्त्रीच्या दुःखाचे प्रदर्शन करून जुनीच प्रतिमा दृढ केली, तिच्या गाण्यातील स्त्री पुरुषापुढे सदैव याचक आहे. शब्दांपुरते हे खरे आहे. परंतु ज्या दमाने, ज्या हुकमतीने ती ते शब्द उच्चारते ते ऐकून हिला याचक म्हणणे कठीण जाते; शब्द मागतात आणि आवाज बजावतो, असा तो विरोध आहे. तिच्या काळात स्त्रीच्या रूपाविषयी वर्तमानपत्रांनी जी निर्लज्ज भाषा वापरली ती वाचताना आजही संताप येतो, आणि रंगमंचावर सुंदर दिसण्याची सक्ती झुगारून उभी राहणारी पहिली नामांकित रॉक गायिका म्हणून तिचा मान अबाधित आहे. मेलिसा एथरिज हिने १९९५ साली तिला रॉक संगीताच्या कीर्तिमंदिरात प्रविष्ट केले, आणि २००५ च्या ग्रॅमी सोहळ्यात कर्करोगाच्या उपचारांनी केस गेलेले मस्तक तसेच उघडे ठेवून तिचे गाणे गायिले, त्यात या वारशाची ओळख पटते. केवळ आवाज घोगरा करणाऱ्या असंख्य अनुकर्त्या मात्र तिच्या वारसदार नव्हेत.

मृत्यूने तिला मोठे केले काय, या प्रश्नाला फार जागा देण्याचे कारण नाही. जिमी हेंड्रिक्स तिच्या आधी सोळा दिवस आणि जिम मॉरिसन त्यानंतर नऊ महिन्यांनी, दोघेही सत्ताविसाव्या वर्षीच गेले, आणि त्या योगायोगावर एक दंतकथा रचली गेली, हे खरे. 'पर्ल' नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिली त्यात सहानुभूतीचा वाटा होता, हेही खरे. पण 'चीप थ्रिल्स'ने हेच स्थान ती जिवंत असताना मिळविले होते. दंतकथेने तिला मोठे केले नाही; तिचे नुकसान मात्र केले, कारण तिच्या गाण्यात मरणाची चाहूल शोधण्याची खोड त्यामुळे लागली. मायरा फ्रीडमन यांचे १९७३ चे चरित्र जिवाभावाने लिहिलेले असले तरी त्यावर हीच छाया आहे. धाकटी बहीण लॉरा हिने १९९२ साली तिची घरच्यांस लिहिलेली पत्रे प्रसिद्ध केली, आणि एमी बर्ग यांच्या २०१५ च्या अनुबोधपटाने त्यांचा आधार घेतला; त्या पत्रांतील मुलगी महत्त्वाकांक्षी आहे, आपल्या धंद्याचा हिशेब नीट समजणारी आहे, आणि आईबापांनी आपल्याला मानावे यासाठी आसुसलेली आहे. हॉली जॉर्ज-वॉरन यांच्या २०१९ च्या चरित्राने तिच्या सांगीतिक परिश्रमांना प्रथमच यथायोग्य पाने दिली.

उरला तो उसनवारीचा प्रश्न, आणि तो सर्वांत गंभीर आहे. 'बॉल अँड चेन' हे गाणे बिग मामा थॉर्नटन हिचे. हिनेच 'हाउंड डॉग' प्रथम ध्वनिमुद्रित केले, आणि त्याच गाण्याने एल्विस प्रेस्ली याला १९५६ मध्ये अपार द्रव्य मिळवून दिले. 'पीस ऑफ माय हार्ट' १९६७ साली प्रथम अर्मा फ्रँक्लिन हिने गायिले. ही अरीथा फ्रँक्लिनची थोरली बहीण. पुढच्याच वर्षी जॉप्लिनने ते गायिले आणि लोक मूळ गायिकेला विसरले. ब्रिटनमध्ये अर्माच्या मुद्रणाचे भाग्य उजळण्यास १९९२ सालची एक जाहिरात यावी लागली. थॉर्नटनच्या बाबतीत अन्याय अधिक उघड आहे. तिने ते गाणे पूर्वी ज्या लहानशा कंपनीसाठी मुद्रित केले होते तिने ते प्रसिद्ध केले नाही, मात्र त्याचे हक्क आपल्या ताब्यात ठेवले, आणि त्यामुळे जॉप्लिनच्या आवाजात ते घरोघर पोहोचले तेव्हा मूळ गायिकेच्या हाती रास्त मोबदला पडला नाही.

याची जबाबदारी जॉप्लिनवर किती टाकावी? तिने आणि तिच्या साथीदारांनी ते गाणे थॉर्नटनच्या तोंडून सॅन फ्रान्सिस्कोत ऐकले, तिची परवानगी घेतली, त्याची गती कमी केली, त्याची चाल उदास स्वरांकडे वळविली. म्हणजे नक्कल केली नाही, नवी मांडणी केली. थॉर्नटन आणि बेसी स्मिथ यांचे ऋण ती मुलाखतींतून वारंवार मान्य करीत असे. बेसी स्मिथ १९३७ साली मोटार-अपघातात वारली, तेव्हापासून पेन्सिल्व्हेनियातील तिच्या थडग्यावर नावाचा दगडही नव्हता. ऑगस्ट १९७० मध्ये तो बसविण्यात आला, आणि त्याचा खर्च जॉप्लिन आणि वानिता ग्रीन या दोघींनी मिळून केला. ग्रीन लहानपणी बेसी स्मिथकडे घरकाम करीत असत. जॉप्लिन स्वतः त्यानंतर दोन महिनेही जगली नाही. व्यक्ती म्हणून तिचा हिशेब चोख होता असे मी म्हणेन. चोख नव्हता तो त्या बाजाराचा, ज्याला तीच वेदना गोऱ्या गळ्यातून आल्यावाचून पहिल्या क्रमांकाला नेता येत नव्हती. तिची प्रामाणिक कृतज्ञता ही त्या बाजाराची दुरुस्ती नव्हे, आणि तिच्या कैवाऱ्यांनी बेसी स्मिथच्या दगडाकडे बोट दाखवून हा विषय मिटविण्याचा जो प्रघात पाडला आहे तो मला मान्य नाही. थॉर्नटन १९८४ साली लॉस एंजेलिसमध्ये विपन्नावस्थेत वारली. ज्या कीर्तिमंदिरात जॉप्लिन १९९५ मध्ये गेली तेथे थॉर्नटनचे नाव लागण्यास २०२४ साल उजाडले.

थॉर्नटनने त्या गाण्याचे जे मुद्रण १९६८ साली केले ते आज सहज ऐकावयास मिळते. तिची लय सैल आणि ठाम आहे, आवाज बसका आहे, आणि दुःखाविषयी बोलत असताना ती कोठेही घाई करीत नाही. त्या दुःखाशी तिची जुनी ओळख आहे, आणि त्याला कितपत बोलू द्यावयाचे याची मुखत्यारी तिच्याकडेच आहे. जॉप्लिन त्याच ओळींशी झगडते, त्यांना हलवून पाहते, उत्तर मागते आणि मिळेपर्यंत सोडत नाही. हे अंतर चाळिशी ओलांडलेली स्त्री आणि पंचविशीतील मुलगी यांच्यातले मानावे, की अमेरिकेतील दोन समाजांना वाट्यास आलेल्या निरनिराळ्या आयुष्यांचे मानावे, यावर जाणकारांत मतभेद आहेत. मला दोन्ही मुद्रणे प्रत्येक वेळी ऐकल्यावर दुसरा पक्ष थोडा अधिक बळकट वाटतो.